औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन त्वचेवर उठते तेव्हा: खुणा, तारखा आणि पुढचं सगळं

नवीन औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठणं तसं नेहमीचंच. बहुतेक वेळा औषध थांबवलं की आठ-पंधरा दिवसांत ते उतरतं आणि मागे काही राहत नाही. हा लेख मात्र लाखो माणसांतून मोजक्यांना होणाऱ्या, पण झाल्या तर दृष्टी, यकृत आणि कधी जीवही धोक्यात आणणाऱ्या रिअ‍ॅक्शनबद्दल आहे.

या आजारांत रुग्णाचं पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी कारण असलेलं औषध किती लवकर बंद झालं यावर ठरतं. आणि ते वेळेवर बंद होत नाही, कारण तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या गोळीकडे कुणाचं लक्षच जात नाही. सगळे कालच्या गोळीला दोष देतात. म्हणून पुढे तारखांवर मी मुद्दाम जास्त जोर दिला आहे.

आधी या आजारांची तोंडओळख

सगळ्यात भीतीदायक म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजेच एसजेएस. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन यांनी १९२२ साली ताप, अंगावर चट्टे, तोंडात फोड आणि डोळ्यांची तीव्र जळजळ असलेल्या दोन मुलांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. १९५६ मध्ये अ‍ॅलन लायल यांनी उकळत्या पाण्याने भाजल्यासारखी कातडी सुटणाऱ्या रुग्णांची नोंद केली. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, थोडक्यात टेन, म्हणतात. आज हे दोन्ही एकाच आजाराचे कमी-जास्त प्रकार मानले जातात. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागावरची कातडी सुटली तर एसजेएस, ३० टक्क्यांहून जास्त सुटली तर टेन, आणि मधला भाग दोन्हींचा. एसजेएसमध्ये दहातला साधारण एक रुग्ण दगावतो, टेनमध्ये तिघांतला एक. वय जास्त असेल किंवा कर्करोगासारखा मोठा आजार आधीच असेल, तर धोका वाढतो.

दुसरा आजार ड्रेस (DRESS, लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं). यात कातडी सहसा सुटत नाही, पण ताप येतो, चेहरा सुजतो, गाठी येतात आणि यकृत, मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुसावर आतून परिणाम होतो. तिसरा एजेप (AGEP, हेही आद्याक्षरांचंच नाव): ताप आणि लालसर अंगावर टाचणीच्या डोक्याएवढ्या शेकडो पांढऱ्या पुळ्या, बहुधा काखेत, जांघेत आणि घड्या पडतात तिथे आधी. तो दिसायला भयंकर असला तरी औषध थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत कातडीचा पापुद्रा निघून बरा होतो.

पहिली पायरी: खुणा तपासा, पूर्ण अंगावर

चांगल्या उजेडात कपडे बाजूला करून अंग पाहा. पाठ, तळहात, तळपाय, जननेंद्रियाची जागा, डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या आतली बाजू. लाजेमुळे माणसं सांगत नाहीत आणि तिथल्या जखमा मागाहून कळतात, म्हणून रुग्णाला थेट विचारा: लघवी करताना आग होते का? गिळताना दुखतं का? उजेड सहन होतो का?

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी हे साधं पुरळ नाही असं धरून चाला:

- पुरळासोबत १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर ताप
- खाज कमी आणि दुखणं जास्त, हात लावला तरी कातडी हुळहुळते
- तोंड येणं, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या, डोळे लाल होऊन चिकटणं, जननेंद्रियावर फोड
- मधोमध काळपट-जांभळे, कडेला फिकट चट्टे. त्यावर फोड किंवा ओल्या कागदासारखी सुटणारी कातडी
- चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवती आणि कानाच्या पाळ्या सुजणं
- मानेत, काखेत, जांघेत गाठी, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. तिथे चट्टा राखाडी, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, आणि ‘लाल तर काहीच नाही’ म्हणून एक-दोन दिवस फुकट जातात. रंगापेक्षा दुखणं, ताप आणि तोंड-डोळे यांवर विश्वास ठेवा. कातडी सुटते का हे पाहण्यासाठी डॉक्टर बोटाने हलकेच घासून बघतात. ते घरी करू नका, जखम वाढते.

अंगावर पित्त उठणं यापेक्षा वेगळं. त्याच्या गांधी खाजतात, जागा बदलतात, आणि एक गांध सहसा २४ तासांत नाहीशी होते. पण औषध घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात पित्तासोबत जीभ-घसा सुजला, दम लागला, चक्कर आली, तर ती तातडीची अ‍ॅलर्जी आहे. तिच्यात अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन मिनिटांत मिळालं पाहिजे. अशा वेळी हा लेख वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी पायरी: मागे मोजत जा

एक कोरा कागद घ्या. त्यावर सर्वांत वर पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं ते लिहा. पहिलं लक्षण म्हणजे पुरळ असेलच असं नाही. बऱ्याचदा ताप, घसा दुखणं, डोळ्यांची चुरचुर आणि अंगदुखी एक ते तीन दिवस आधी येते. मग मागच्या दोन महिन्यांत सुरू झालेलं प्रत्येक औषध तारखेसह मांडा. डॉक्टरांनी दिलेलं, स्वतःच आणलेलं, इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब, जडीबुटी, ताकदीच्या गोळ्या, शेजाऱ्याकडून मागून घेतलेली एखादी वेदनाशामक गोळी, सगळं. एखाद्या जुन्या गोळीचा डोस वाढवला असेल तर तीही तारीख हवी.

आता हे अंतर पाहा. एसजेएस-टेनमध्ये औषध सुरू झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४ ते २८ दिवस जातात. ड्रेसमध्ये त्याहून जास्त, २ ते ८ आठवडे. एजेपमध्ये बरंच कमी, एक-दोन दिवस ते थोडे जास्त. वर्षानुवर्षं चालू असलेली रक्तदाबाची गोळी म्हणूनच सहसा दोषी नसते, आणि पुरळ दिसल्यावर सुरू केलेलं औषध तर असूच शकत नाही.

यातला फसवा भाग एका उदाहरणाने सांगतो. कल्पना करा, एका माणसाला चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी महिन्याच्या १ तारखेला कार्बामाझेपिन सुरू झालं. १६ तारखेला अंगात कणकण, घसा दुखतोय. त्याने पॅरासिटामॉल घेतलं. १७ला ताप वाढला म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिन मिळालं. १८ला छातीवर चट्टे, १९ला ओठ फुटले. घरात एकमत होतं: अ‍ॅन्टिबायोटिक बाधलं. ते बंद होतं, आणि कार्बामाझेपिन मात्र रोज दोन वेळा चालूच राहतं, कारण ‘ती तर जुनी गोळी’. खरं तर १६ तारखेची कणकण हीच रिअ‍ॅक्शनची सुरुवात होती. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅन्टिबायोटिक दोन्ही आजार सुरू झाल्यावर पोटात गेली. तारखा कागदावर मांडल्या नाहीत तर अनुभवी माणूसही इथे चुकतो.

ज्या औषधांवर आधी बोट ठेवायचं ती अशी. युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल, लॅमोट्रिजिन. ही मूड आणि नसांच्या दुखण्यासाठीही दिली जातात, त्यामुळे ‘मला तर फिट्स नाहीत’ हे उत्तर इथे चालत नाही. सल्फा गटातलं को-ट्रायमॉक्साझोल, आणि सांधे-आतड्याच्या आजारातलं सल्फासालाझिन. एचआयव्हीसाठीचं नेव्हिरापिन. वेदनाशामकांमध्ये पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम हा गट. ड्रेसमध्ये यांच्या जोडीला डॅप्सोन, मिनोसायक्लिन आणि व्हँकोमायसिन. एजेपमागे बहुतेकदा अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी अ‍ॅन्टिबायोटिकं, डिल्टियाझेम, टर्बिनाफिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असतं.

यादीत नाव नाही म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, आणि नाव आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. यातली बरीचशी औषधं लाखो लोकांना रोज उपयोगी पडतात. लहान मुलांत मायकोप्लाझ्मा या जंतूच्या संसर्गानेही तोंड-डोळ्यांची अशीच अवस्था होऊ शकते. तो निवाडा डॉक्टरांनाच करू द्या. तुमचं काम तारखा देण्याचं.

तिसरी पायरी: थांबवा, पण काय ते समजून

वरच्या खुणा आहेत आणि संशयित औषध गेल्या दोन महिन्यांतलं आहे, तर त्याचा पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला रुग्णालयाकडे निघा. ‘उद्या सकाळी ओपीडीत दाखवू’ असं इथे चालत नाही. विशेषतः शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या औषधांच्या बाबतीत लवकर थांबवण्याचा फायदा मोठा असतो.

फिट्सची गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, हे खरं. म्हणूनच ती घरी थांबवून घरीच बसायचं नाही. रुग्णालयात तिच्या जागी वेगळ्या रचनेचं औषध सुरू करता येतं. घरच्या घरी एका फिटच्या गोळीऐवजी दुसरी मात्र कधीच सुरू करू नका: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटाल यांची रचना जवळची आहे, आणि एकीची रिअ‍ॅक्शन आलेल्याला दुसरीचीही येऊ शकते.

इन्सुलिन, हृदयाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइड हे घाबरून एकदम बंद करू नका. सगळ्याच गोळ्या फेकून देणं हाही धोकाच आहे. अशा वेळी निघतानाच औषध देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि नावं वाचून दाखवा.

खाजेची गोळी घेऊन थांबून बघणं मला सगळ्यात जास्त खटकतं. अ‍ॅन्टिहिस्टॅमिन एसजेएस किंवा ड्रेस थांबवू शकत नाही. थोडी झोप लागते, बरं वाटल्याचा भास होतो, आणि मोलाचे दोन दिवस निघून जातात.

चौथी पायरी: निघण्यापूर्वी आणि वाटेत

अंगाला काहीही चोळू नका: मलम, पावडर, तेल, घरगुती लेप, काहीच नको. फोड फोडू नका. सुटलेली कातडी ओढून काढू नका. ती खालच्या जखमेचं झाकण आहे. चिकटणारी पट्टी अंगावर लावू नका, काढताना ती कातडीही घेऊन येते. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असतील तर काढा. अंगठ्या, बांगड्या, घट्ट कपडे काढा. स्वच्छ, मऊ सुती चादरीत गुंडाळा आणि अंग गार पडू देऊ नका, कारण कातडी सुटली की शरीर ऊब धरून ठेवू शकत नाही. गिळता येत असेल तर घोट घोट पाणी द्या.

सोबत न्यायचं ते असं: तारखांचा कागद, सगळ्या औषधांची पाकिटं (रिकामीसुद्धा), आधीच्या चिठ्ठ्या आणि रक्ततपासण्या, आणि दर काही तासांनी काढलेले फोटो. चट्टे कालपासून किती पसरले हे फोटोवरून डॉक्टरांना लगेच समजतं. बोटांसकट रुग्णाचा तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का भाग, त्या मापाने किती कातडी गेली याचा अंदाज येतो.

दारात पोचल्यावर ‘अंगावर पुरळ आहे’ एवढंच म्हटलं तर रांगेत बसावं लागण्याची शक्यता असते. त्याऐवजी असं सांगा: “अठरा दिवसांपूर्वी अमुक औषध सुरू झालं. तीन दिवसांपासून ताप आहे. तोंडात आणि डोळ्यांत जखमा आहेत, कातडी दुखते आहे. ही औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन असेल अशी आम्हाला भीती आहे.”

पाचवी पायरी: रुग्णालयात काय व्हायला हवं

कातडी सुटत असेल तर रुग्णाची जागा अतिदक्षता विभागात किंवा भाजलेल्यांच्या विभागात असते, कारण काळजी जवळपास तीच: पाणी-क्षार, ऊब, जंतुसंसर्गावर लक्ष, वेदना कमी करणं, नळीने पोषण. पहिल्या दिवशी डॉक्टर सात गोष्टींवरून धोक्याचे गुण मोजतात: वय, कर्करोग, नाडीचा वेग, सुटलेल्या कातडीचं प्रमाण, रक्तातलं युरिया, बायकार्बोनेट आणि साखर. कातडी काही दिवस सुटतच राहते, मग भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात रुग्ण बिघडत चाललेला दिसला तरी उपचार फसले असा अर्थ लगेच काढू नका.

कोणतं औषध द्यावं याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. सायक्लोस्पोरिन, स्टेरॉइड, इटानरसेप्ट, इम्युनोग्लोब्युलिन असे पर्याय वापरले जातात आणि दोन रुग्णालयांत वेगळी पद्धत दिसली तर त्यात गैर काही नाही. नेत्रतज्ज्ञांची तपासणी मात्र वादाचा विषय नाही. ती पहिल्या २४ तासांत व्हायला हवी आणि नंतर रोज. पापणी बुबुळाला चिकटते, अश्रुग्रंथी सुकतात, आणि कातडी बरी झाल्यावरही दृष्टी कायमची जाऊ शकते. सुरुवातीच्या दिवसांत डोळ्यांवर गर्भवेष्टनाचा (पोटातल्या बाळाभोवतीच्या आवरणाचा) पातळ पडदा बसवण्याचा उपाय उपलब्ध आहे. त्याला उशीर करून चालत नाही. नातेवाइकांनी हा प्रश्न रोज विचारावा: “आज डोळ्यांचे डॉक्टर बघून गेले का?” जननेंद्रियाच्या जखमांबद्दलही विचारा, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. तिथे कडा एकमेकांना चिकटून कायमचा त्रास राहू शकतो, आणि त्याबद्दल आपणहून बोलायला सगळेच कचरतात.

ड्रेस: बरा झाला असं वाटतं तिथे चुकतं

ड्रेसमध्ये औषध बंद केल्यावरही आजार आठवडे, कधी महिने चालतो आणि मध्येच परत उसळतो. शरीरात झोपलेले हर्पिस गटातले विषाणू त्या काळात जागे होतात, हे त्यामागचं एक कारण. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, यकृताचे आकडे चढतात. स्टेरॉइड द्यावं लागलं तर ते हळूहळू, बरेच आठवडे घेऊन कमी केलं जातं. पुरळ गेलं म्हणून स्वतःहून ते थांबवणाऱ्या रुग्णाला आजार दुसऱ्यांदा गाठतो. सुटी मिळाल्यावरही यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी करत राहा. छातीत धडधड किंवा धाप लागली तर हृदयाची तपासणी लगेच. थायरॉइडची तपासणी तर काही महिन्यांनीही करावी, कारण ती ग्रंथी उशिरा बिघडते, आणि तोवर थकवा, वजन वाढणं यांचा संबंध त्या जुन्या गोळीशी कुणी जोडत नाही.

एकाच जागी दर वेळी उठणारा गोल, गडद डाग, बहुधा ओठावर किंवा जननेंद्रियावर, हीसुद्धा औषधाचीच रिअ‍ॅक्शन असते. गोळी घेतल्यावर काही तासांत तोच डाग पेटतो. तो सौम्य असला तरी दुर्लक्ष करू नका. तीच गोळी पुन्हा पुन्हा घेतली तर डाग वाढत जातात आणि कधी अंगभर फोड येतात.

सहावी पायरी: नंतरचं आयुष्य

सुटी होताना कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीने दिलेलं नाव पुरेसं नाही. एकच घटक वीस नावांनी विकला जातो. ते नाव, आजाराचं नाव आणि तारीख असलेलं कार्ड पाकिटात ठेवा, फोनच्या आपत्कालीन माहितीत भरा, दंतवैद्यांनाही दाखवा. कोणती जवळची औषधं टाळायची हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. सल्फा अ‍ॅन्टिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आलेल्यांना सल्फेट किंवा सल्फाइट असलेलं सगळंच वर्ज्य होतं असं नाही. ते वेगळे पदार्थ आहेत.

एसजेएस किंवा टेन झालेल्याला ‘थोडं देऊन बघू’ असं ते औषध पुन्हा कधीही द्यायचं नाही. थोड्या थोड्या मात्रेने सवय लावण्याची पद्धत इथे लागू होत नाही. सुरुवातीचे महिने उन्हापासून अंग झाका, नखं गेली असतील तर ती पुन्हा येतात. डोळे कोरडे पडत असतील तर वर्षभरानंतरही नेत्रतज्ज्ञांकडे जात राहा. औषधाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येणं, झोप न लागणं हे या रुग्णांत बरंच दिसतं. त्यासाठीही मदत घ्यावी. रिअ‍ॅक्शनची नोंद औषध-सुरक्षेच्या अधिकृत यंत्रणेकडे जावी असा आग्रह धरा. बऱ्याच देशांत रुग्ण स्वतःही ती करू शकतो.

सुरू करण्यापूर्वीच विचारायचे प्रश्न

कार्बामाझेपिन सुरू होणार असेल तर एचएलए-बी*१५:०२ या जनुकाची चाचणी लागते का, हे विचारा. तैवानमध्ये २००४ साली या जनुकाचा एसजेएसशी संबंध दिसला, आणि २०११ साली तिथल्याच ४,८७७ जणांच्या अभ्यासात जनुक असणाऱ्यांना हे औषध न दिल्यावर एकालाही एसजेएस झाला नाही. पूर्व आणि आग्नेय आशियाई वंशांत हे जनुक जास्त आढळतं. अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी अशीच एचएलए-बी*५८:०१ ची चाचणी आहे. चाचणी ठीक आली तरी धोका शून्य होत नाही, म्हणून पहिले दोन महिने खुणांवर लक्ष हवंच. जवळच्या नातेवाइकाला एखाद्या औषधाची अशी रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही आधीच सांगा.

अ‍ॅलोप्युरिनॉल कमी डोसने, सहसा दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, सुरू करून हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी कमी. लॅमोट्रिजिन इतर फिटच्या गोळ्या चालू नसलेल्या प्रौढांत पहिले दोन आठवडे दिवसाला २५ मिलिग्रॅम असतं, आणि व्हॅल्प्रोएट (फिट्सचंच दुसरं औषध) चालू असेल तर दिवसाआड २५, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरात साठून राहतं. परिणाम लवकर हवा म्हणून हा डोस स्वतः वाढवू नका. आणि काही कारणाने लॅमोट्रिजिनचे डोस सलग काही दिवस चुकले, तर जिथे थांबलात तिथून पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरांना किती दिवसांचा खंड पडला ते सांगा; बहुधा पुन्हा तळापासून चढावं लागतं.